शाल-श्रीफळाने चूल पेटत नाही

संस्कृतीतून समृद्धी हा आजचा नवा मंत्र होय. मंत्र्यांच्या भाषणांत तो आहे, योजनांच्या मसुद्यांत तो आहे, पर्यटनाच्या रंगीत पुस्तिकांत तर तो पानोपानी आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ हे वर्ष सर्जनशील अर्थव्यवस्थेचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले आणि या मंत्रास जगाची मान्यताही मिळाली. गोव्यात २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरत आला आहे. २०१६ पासून पणजीत सेरेंडिपिटी कलामहोत्सव भरू लागला. मडगाव, कुडचडे, साखळी येथे रवींद्र भवने उभी राहिली, फोंड्यास राजीव गांधी कला मंदिर उभे राहिले. हे सर्व झाले ते बरेच झाले. ज्या प्रदेशात सभागृहे बांधली जातात, त्या प्रदेशाने कलेस घर हवे एवढे तरी मान्य केले, असे आम्ही समजतो.

तथापि कलेस घर मिळाले म्हणून कलावंताच्या घरी चूल पेटतेच असे नाही. महोत्सव चार दिवसांचा. पोट बारा महिन्यांचे. पाहुणा हिवाळ्यात येतो, कौतुक करतो, छायाचित्र काढतो आणि जातो. त्याच्या खिशावर सबंध प्रदेशाच्या कलेचा संसार उभा करू पाहणे म्हणजे वळवाच्या सरीवर भातशेती करू पाहणे होय. म्हणून आमचे आजचे भांडण सरकारशी नाही, महोत्सव भरविणाऱ्यांशीही नाही. ते आहे देवस्थानांच्या महाजनांशी, उत्सवसमित्यांच्या कारभाऱ्यांशी आणि त्यांच्या कारभाराकडे काणाडोळा करणाऱ्या भाविकांशी. आमचे म्हणणे एका वाक्यात सांगता येईल. कोणतीही कला प्रदेशाचा धंदा व्हावयाची असेल, तर तिला प्रथम घरचे, नियमाने येणारे आणि रोख मोजणारे गिऱ्हाईक हवे; आमच्या प्रदेशात हे गिऱ्हाईक देऊळ हेच होते; आणि आज ते पेठेतून उठून गेले आहे.

गिऱ्हाईक हा शब्द देवळाच्या संदर्भात काहींस खटकेल. खटको. देवाला मोल नाही हे आम्हीही जाणतो. परंतु देवापुढे जळणाऱ्या तेलाला मोल आहे, गाभाऱ्यातील फुलाला मोल आहे, चौघड्यावर पडणाऱ्या टिपरीला मोल आहे. ते मोल कोणीतरी देतो किंवा कोणीतरी बुडवितो. तिसरा मार्ग नाही.

हा प्रश्न केवळ रसिकतेचा नाही, तो उपजीविकेचा आहे. गोव्याचा अलीकडचा इतिहास पाहा. सप्टेंबर २०१२ मध्ये लोहखनिजाचे उत्खनन थांबले, पुढे पुन्हा सुरू झाले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडले. डिचोली, सांगे, सत्तरी या भागांत ट्रक दारात उभे राहिले. गॅरेजे, खानावळी, दुकाने ओस पडली. २०२० साली महामारी आली आणि किनाऱ्यावरची हॉटेले रिकामी झाली. एका निकालाने एक धंदा थांबतो, एका साथीने दुसरा थांबतो. अशा प्रदेशाला लहान असले तरी पुष्कळ आणि गावोगाव पसरलेले धंदे हवेत. खनिज एकदाच खणता येते. घुमट वाजविण्याची विद्या दर पिढीला नव्याने उगवते. मात्र तिला पाणी घालावे लागते.

हे पाणी पूर्वी कोण घालीत होते? मार्दोळच्या जायांचे उदाहरण घ्या. श्रीम्हाळसेच्या देवळात श्रावणात जायांची पूजा होते. गावचे फुलकार त्या दिवशी आपल्या पिकाची फुले देवीला वाहतात, आणि एरवी तीच फुले विकून संसार चालवितात. देवीची पूजा आणि फुलकाराचा मळा ही एकाच वेलीची दोन टोके आहेत. असेच इतर सर्वांचे होते. लामणदिवा हवा तर कासाराकडे जावे, घुमटाचे मडके हवे तर कुंभाराकडे, पालखी, रथ, मखर हवे तर कोरीव काम जाणणाऱ्या सुताराकडे. पहाटेस सनई-चौघडा, नवरात्रात कीर्तन आणि मखरोत्सव, जत्रेस काला आणि नाटक. देवळाचे पंचांग हेच कारागिराच्या मागणीचे पत्रक होते. कोणत्या महिन्यात काय लागणार हे त्यास आधी ठाऊक असे. म्हणून तो मुलास विद्या शिकवी. शिकविण्यास धीर लागतो, आणि धीर येतो तो उद्याच्या कामाच्या खात्रीतून.

या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाऊन थांबणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांच्यापैकी नव्हे. त्या व्यवस्थेत अन्याय होता, आणि तो लहानसहान नव्हता. सेवेची जमीन मिळे, परंतु तिच्याबरोबर सेवेची बेडीही पायात पडे. गाणारीच्या गळ्यास मान होता. तिच्या माणूसपणास नव्हता. राजाराम रंगाजी पैंगीणकरांचे ‘मी कोण?’ हे आत्मचरित्र ज्यांनी वाचले असेल, त्यांस हे अधिक सांगणे नको. म्हणून गुण असणारी माणसे निघून गेली, आणि जावयासच हवी होती. केरीच्या केसरबाई गेल्या, कुर्डीच्या मोगूबाई गेल्या, मंगेशीचे दीनानाथ गेले. मुंबईने त्यांच्या गुणांची किंमतही केली आणि त्यांस नावही दिले. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर याने अंतराळात पाठविली, तेव्हा त्यांवरील सोनेरी तबकडीत केसरबाईंची भैरवी होती. गोव्याच्या एका खेड्यातला सूर ताऱ्यांच्या वाटेस लागला. ज्या प्रदेशाने तो जन्मास घातला, त्याच्या हिशेबवहीत मात्र त्या सुराची जमा कोठेच लागली नाही.

यातून दोन धडे निघतात. पहिला हा की बेडी तोडलीच पाहिजे. दुसरा हा की बेडी तोडताना भाकरी काढून घेण्याचे कारण नाही. देवस्थानांनी काय केले? बेडीची गरज उरली नाही तेव्हा भाकरीही बंद केली. जुने नाते संपले आणि त्याच्या जागी मजुरीचे, कराराचे, बरोबरीचे नवे नाते आले नाही. मधल्या पोकळीत जे शिरले ते आज डोळ्यांपुढे आहे.

आज देवळात जाऊन पाहा. सभामंडपाच्या कोपऱ्यात एक लोखंडी सांगाडा उभा असतो. कळ दाबली की मोटार फिरते, नगाऱ्यावर दांडके आपटते, घंटा हलते, झांजा खणखणतात. त्या यंत्रास रजा नको, दिवाळीची पोस्त नको, म्हातारपण नाही. समितीस ते फार स्वस्त वाटते. परंतु त्या यंत्राने वाजविणाऱ्याचे घर उठविले, त्याच्या मुलाचे शिकणे थांबविले आणि गावातून ताल नाहीसा केला, याची किंमत कोणत्या रकान्यात मांडली? यंत्र एका लयीत अखंड आपटते. त्याला आरतीचा चढ कळत नाही, देवाचे निजणे कळत नाही.

जीर्णोद्धाराची कथा याहून कठोर शब्दांत सांगावी लागेल. पेडण्यापासून कारवार-कुमठ्यापर्यंतच्या किनारपट्टीत कावीची कला होती. भिंतीस चुन्याचा गुळगुळीत गिलावा द्यावयाचा, त्यावर तांबड्या मातीचा थर चढवावयाचा आणि तो ओला आहे तोवर टोकदार हत्याराने खरवडून आतल्या पांढऱ्यावर वेली, हत्ती, देवदेवता उमटवावयाच्या. ही कला आमच्या मातीच्या रंगाची आणि आमच्या पावसाला पुरून उरलेली. मोरजीच्या श्रीमोरजाईच्या देवळासारख्या काही ठिकाणी तिच्या खुणा दिसतात. इतरत्र अनेक देवळांत ती फरशीखाली गेली. स्नानगृहात शोभेल अशी चकचकीत फरशी गाभाऱ्याच्या भिंतीस लावावयाची, लाकडी नक्षीचे खांब काढून सिमेंटचे उभे करावयाचे, छतास प्लास्टरची फुले चिकटवावयाची, आणि देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरावयाची, यास आम्ही जीर्णोद्धार म्हणत नाही. जीर्णाचा उद्धार होतो तेव्हा जीर्ण वस्तू वाचते. येथे ती मरते.

यात पैशाची टंचाई होती असे कोणी म्हणू नये. फरशीस पैसे होते, रोषणाईस होते. ते बाहेरगावच्या कारखान्यास आणि बाहेरगावच्या ठेकेदारास मिळाले. देवाच्या पेटीत गावाने टाकलेला पैसा गावच्या कारागिराच्या दारावरून पुढे निघून गेला. प्रदेशाची अर्थव्यवस्था कशी पोसावी आणि कशी उपाशी ठेवावी, याचा याहून सोपा पाठ अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.

आणि कलावंत? त्याचा सत्कार होतो. उत्सवाच्या तिसऱ्या दिवशी त्यास व्यासपीठावर बसवितात, खांद्यावर शाल घालतात, हातात श्रीफळ देतात, त्याच्या तपश्चर्येविषयी एखादे पुढारी अर्धा तास बोलतात. शाल कपाटात जाते, नारळ आमटीत जातो. मंडपवाल्याचे बिल दुसऱ्या दिवशी चुकते होते, लाउडस्पीकरवाल्याचे आठवड्यात होते, रोषणाईवाल्यास तर आगाऊ रक्कम मोजलेली असते. सनईवाल्यास सांगितले जाते, ‘बुवा, देवाचे काम आहे, सांभाळून घ्या.’ आम्ही विचारतो, वीज हे देवाचे काम नव्हते काय? वीज खात्याने कधी सांभाळून घेतले काय?

आमचे म्हणणे भावनेवर उभे नाही. जेथे जेथे कलेचा धंदा झाला, तेथे तेथे आरंभी घरचे गिऱ्हाईक होते, हे दाखविता येते. कोलकात्याची दुर्गापूजा पाहा. २०२१ साली युनेस्कोने तिचा मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश केला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने २०१९ च्या पूजेभोवतीच्या सर्जनशील धंद्यांची उलाढाल सुमारे ३२ हजार कोटी रुपये धरली. मूर्तिकार, मंडप उभारणारे, रोषणाई करणारे, ढाक वाजविणारे, लेखक, गायक हे सर्व त्या उलाढालीत आले. हे कोणी निर्माण केले? पर्यटकाने नव्हे. गल्लीगल्लीतील पूजा समित्यांनी केले. त्या दरवर्षी कुमारटुलीच्या मूर्तिकाराकडे आगाऊ मागणी नोंदवितात, दरवर्षी नव्या कल्पनेच्या मंडपासाठी कलाकार शोधतात. पाहुणा आला तो नंतर, जेवणाचा वास लागल्यावर.

इंदूरकडील आमच्या वाचकांस दूर जावयास नको. महेश्वर त्यांच्या उंबऱ्याशी आहे. अहिल्याबाई होळकरांनी नर्मदाकाठी राजधानी नेली आणि विणकरांस तेथे वसविले. त्यांच्या हातचे कापड प्रथम दरबारानेच घेतले. पाहुण्यांस मानवस्त्र म्हणून दिले. किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडावरील नक्षी लुगड्याच्या काठावर उतरली. दरबार सरला तशी मागणी सरली, माग थंड पडू लागले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील रिचर्ड होळकर आणि त्यांच्या पत्नी सॅली यांनी रेहवा ही संस्था काढून विणकर स्त्रियांस पुन्हा मागावर बसविले. महेश्वरी साडीचे नाव आज सर्वत्र आहे. तेथे कोणी विणकराचा सत्कार करून थांबले नाही. त्याचे कापड विकत घेतले, त्यास नवी पेठ दाखविली.

सावंतवाडीचे उदाहरण तर आमच्या अंगणातले. तेथील चितारी गंजिफाची पाने रंगवीत. दशावतारी गंजिफाचे दहा रंग आणि प्रत्येकी बारा पाने मिळून १२० पाने, प्रत्येक हाताने रंगविलेले. छापील पत्ते आले आणि गिऱ्हाईक गेले. विसाव्या शतकाच्या मध्यास ही विद्या जाणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी काय केले? वृद्ध चिताऱ्यास शाल दिली नाही. त्याच्यापुढे बसून स्वतः विद्या शिकली, राजवाड्यात कारखाना मांडला, तरुण हातांस काम दिले. गंजिफाची ही पाने जिवंत राहिली ती राजाने मांडी घालून कुंचला हाती धरला म्हणून.

आणि वडोदरेकर वाचकांस सयाजीरावांच्या कलाभवनाची आठवण करून द्यावयास हवी काय? १८९० साली त्या दूरदर्शी राजाने कला आणि उद्योग यांस एका छपराखाली आणले. चित्रकला, रंगकाम, छायाचित्रण, यंत्रविद्या यांची तेथे सांगड घातली गेली. तेथे शिकून गेलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. कलेवर खर्च केलेला पैसा कोठे जाऊन उगवेल हे पेरणाऱ्यास दिसत नसते. परंतु पेरल्यावाचून उगवत नाही एवढे निश्चित दिसते.

परक्या उदाहरणांनी ज्यांचे समाधान होत नसेल, त्यांनी कार्तिकातील पौर्णिमेनंतर सिंधुदुर्गात किंवा पेडण्यात एखाद्या जत्रेस जावे. दशावतार ही आमच्या देवळांनी जगविलेली आणि आजही पायांवर उभी असलेली रंगभूमी आहे. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, खानोलकर यांसारखी मंडळे जत्रेमागून जत्रा करीत हिंडतात. पेटाऱ्यातील गणपतीची पूजा होते, संकासुर येतो, आख्यान लागते. लिहिलेली संहिता हातात नसताना नट रात्रभर बोलतात आणि पहाटेस दहीकाला होतो. ही कला का टिकली? कोणत्या गावच्या जत्रेस कोणते मंडळ जाणार हे ठरलेले असते, म्हणून. गिऱ्हाईक ठरलेले आहे, तिथी ठरलेली आहे. त्याभोवती खाजेवाला बसतो, माळेवाला बसतो, खेळणीवाला बसतो, चहाची किटली रात्रभर उकळते. एका नाटकाने एका रात्रीत किती चुली पेटविल्या ते मोजा.

परंतु याच मंडळांस २०२० आणि २०२१ साली काय भोगावे लागले तेही आठवा. महामारीने जत्रा बंद पडल्या आणि हंगामच बुडाला. ज्या नटाने पिढ्यान्‌पिढ्या गावच्या देवापुढे राजा आणि राक्षस उभे केले, त्यास त्या वर्षी देवळाशी आपले कोणतेही कागदी नाते नाही हे कळले. करार नाही, विमा नाही, साठवणीचा निधी नाही. देवस्थानांच्या ठेवी बँकेत सुरक्षित होत्या. नटाची ठेव त्याच्या गळ्यात होती आणि गळा मुका झाला होता. पिंगुळीच्या ठाकर समाजातील परशुराम गंगावणे यांस चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांसाठी २०२१ सालची पद्मश्री जाहीर झाली. पदक दिल्लीहून आले. आमंत्रणे शेजारच्या देवळांतून किती गेली, हे समित्यांनी आपापल्या जमाखर्चात पाहावे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की कला ही सेवा आहे, पैशाने ती विटाळते. हा आक्षेप घेणारा गृहस्थ बहुधा स्वतः पगारी असतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ साली तो आश्रय गेला. भाव्यांची मंडळी गावोगाव फिरली, मुंबईत तिकीट लावून खेळ केले. त्याने मराठी रंगभूमी विटाळली काय? उलट त्या वाटेनेच ती पुढे गेली, आणि १८८० साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यास उभे राहिले. पैशाने कला विटाळत नाही. फुकटेपणाने ती मरते.

दुसरा आक्षेप असा की देवाचा पैसा शाळांस, दवाखान्यांस द्यावा, नाचगाण्यास का? शाळा आणि दवाखाने यांस आमचा पाठिंबा आहे. परंतु हा आक्षेप फरशीच्या वेळी कोठे असतो? हजारो दिव्यांच्या माळांच्या वेळी कोठे असतो? वादकाचा पगार निघाला की मात्र नेमकी शाळा आठवते. शिवाय वादकासही मुले असतात आणि तीही शाळेतच जातात.

तिसरा आक्षेप, तरुणांस हे नको आहे. नको आहे? गोव्याच्या चतुर्थीत घुमटआरतीच्या स्पर्धांस कोण वाजवितो ते पाहा. वाड्यावाड्यावरचे तरुण रात्री जागून सराव करतात. गावच्या उत्सवातील मराठी नाटकासाठी दिवसभर नोकरी करून आलेली मुले दोन-दोन महिने तालमी करतात. २०१९ साली घुमटास राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली. घोरपडीच्या कातड्यास कायद्याने बंदी आल्यावर बकऱ्याच्या कातड्यावर ते वाद्य पुन्हा उभे राहिले. ज्या समाजातील तरुण कातडे बदलून वाद्य टिकवितात, त्यांस आवड नाही असे म्हणणे हा शुद्ध कांगावा आहे. त्यांस आवड आहे. त्यांस त्यात उद्या दिसत नाही. उद्या दाखविणे हे वडीलधाऱ्यांचे काम, आणि तेच होत नाही.

टीका करून मोकळे होणे सोपे असते. म्हणून देवस्थानांपुढे आम्ही काही गोष्टी स्पष्टपणे मांडतो. पहिली ही की प्रत्येक देवस्थानाने वार्षिक उत्पन्नाचा दशांश स्थानिक कला आणि कारागिरीसाठी वेगळा काढावा आणि तसा स्वतंत्र रकाना अंदाजपत्रकात घालावा. गोव्यातील देवस्थानांस १९३३ च्या नियमावलीने अंदाजपत्रकाची आणि हिशेबाची शिस्त लावलेलीच आहे. तेव्हा रकाना नवा असेल, रीत नवी नाही. समजा, एका मध्यम देवस्थानाचे उत्पन्न वर्षास २० लाख रुपये आहे. दशांश झाला २ लाख. दोन वादकांस दरमहा ५ हजार दिले तर १ लाख २० हजार होतात. उरलेल्या ८० हजारांत कीर्तनकार, नाटकाचे साथीदार, रंगभूषाकार आणि एखादा शिकाऊ मुलगा यांची सोय होते. अशी ५० देवस्थाने पुढे आली तर वर्षास १ कोटी रुपये गावोगावच्या कलावंतांच्या हाती जातात, आणि तेथून वाण्याकडे, शिंप्याकडे, शाळेकडे. देवाचा पैसा देवाच्या गावात फिरतो.

दुसरी गोष्ट, तोंडी शब्द बंद व्हावा. दर लेखी असावा, विसार आधी द्यावा, उरलेली रक्कम खेळ संपताच त्या रात्रीच चुकती करावी. जेवण हा पाहुणचार आहे, तो मानधनात मोजू नये. तिसरी, जीर्णोद्धाराच्या कामी कावी, लाकूडकाम, जुनी चित्रे जाणणाऱ्यास दाखविल्यावाचून एकाही भिंतीस हात लावू नये, आणि दिवे, मखर, पालखी, मूर्ती यांची मागणी प्रथम प्रदेशातील कारागिरास द्यावी. चौथी, प्रत्येक देवस्थानाने निदान एका शिकाऊ मुलास किंवा मुलीस विद्यावेतन द्यावे, आणि ते देताना जात विचारू नये. जुन्या व्यवस्थेचे पाप याच प्रश्नात होते. नव्या व्यवस्थेत तो प्रश्न उंबऱ्याबाहेर राहिला पाहिजे. पाचवी, कित्येक देवस्थानांत कारभारात मत आहे ते केवळ महाजनांस. ज्याच्या हातांनी उत्सव उभा राहतो त्या वादकास, नटास, कारागिरास निदान उत्सवसमितीत बसावयास जागा असावी. आपले मानधन किती असावे ही चर्चा चालू असताना तो बाहेर पायरीवर उभा असू नये.

सहावी गोष्ट दूरच्या वाचकांसाठी. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद, बेळगाव येथे आमच्या समाजाची देवळे आहेत, गणेशोत्सव आहेत, मंडळे आहेत. कीर्तनकार ठरविताना, समया घेताना, दशावताराचा खेळ आणताना त्यांनी कोकण-गोव्याकडे आणि एकमेकांकडे प्रथम पाहावे. पाच शहरांनी तारखा जुळवून एकच मंडळ बोलाविले तर प्रवासखर्च वाटला जाईल आणि मंडळास एका फेरीत महिन्याचे काम मिळेल. पेठ म्हणजे आणखी काय असते? घेणाऱ्यांनी एकमेकांस विचारून केलेली खरेदी, तीच पेठ.

सरकारास यातून सुटका मिळते असे कोणी समजू नये. वृद्ध कलावंतांचे मासिक साहाय्य वेळेवर पोहोचविणे, सभागृहांची नीट निगा राखणे, शाळांत संगीतशिक्षक नेमणे ही त्याची कामे आहेत आणि ती मागत राहिलेच पाहिजे. परंतु ज्याच्या स्वतःच्या देवळात यंत्राचा नगारा वाजतो, त्याने संस्कृती खात्याच्या दारात जाऊन वादकांच्या उपासमारीचे गाऱ्हाणे घालावे, हे आम्हांस शोभत नाही असे वाटते. सरकार साहाय्य देऊ शकते; गिऱ्हाईक होऊ शकत नाही. गिऱ्हाईक व्हावयास रोजची गरज असावी लागते, आणि दिवा, फूल, सूर, ताल यांची रोजची गरज देवालाच आहे.

येत्या जत्रेनंतर प्रत्येक गावच्या देवळात जमाखर्चाचा कागद फलकावर लागेल. मंडप, रोषणाई, दारूकाम, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांचा चहापान, पुष्पगुच्छ हे सर्व रकाने भरलेले असतील. भाविकांनी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचावा आणि त्यात कलावंतांचे मानधन हा रकाना शोधावा. तो नसेल तर समितीस विचारावे; तो असेल आणि त्यापुढील आकडा शालीच्या किमतीइतका असेल, तर अधिक मोठ्याने विचारावे. देवाच्या दारी आजवर पुष्कळ मागणे मागितले. आता एकदा हिशेब मागावा.